मातीवरची रेघ : माजलगावच्या कुंभारकामाला लेपकोरणीची जोड

(माजलगाव परिसरातील कुंभार कारागीर व महिला बचत गटांच्या सदस्या यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भांडे सजवावयाचे म्हटले, की त्यावर काहीतरी चढवावयाचे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. कोणी रंग चढवितो, कोणी आरसे चिकटवितो, कोणी चकचकीत वॉर्निशचा हात फिरवितो. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेली पद्धत नेमकी याच्या उलट आहे. तीत भांड्यावरून काहीतरी काढून टाकावयाचे असते आणि जे काढले, त्याच्या जागी नक्षी उमटते.

कच्च्या भांड्यावर वेगळ्या रंगाच्या मातीचा पातळ लेप द्यावयाचा, तो अर्धवट सुकू द्यावयाचा आणि मग टोकदार हत्याराने तो जागोजागी खरवडून खालची मूळ माती उघडी करावयाची, एवढीच ही कृती आहे. भाजल्यानंतर लेपाचा एक रंग आणि अंगच्या मातीचा दुसरा रंग, अशा दोन रंगांत नक्षी खुलून दिसते. इटालियन भाषेत या पद्धतीला ‘स्ग्राफितो’ म्हणतात. ओरखडणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला आहे. भिंतींवर ओरखडलेल्या लेखनाला जगभर ‘ग्राफिटी’ म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला. मराठीत या कामाला ‘लेपकोरणी’ म्हटले, तर त्याचा अर्थ कोणालाही सहज कळेल. म्हणून पुढे हाच शब्द वापरला आहे.

हलक्या मातीने दिलेली देणगी

ही पद्धत कोठे आणि का वाढली, हे पाहणे उद्‌बोधक आहे. इराणमधील कुंभारांना नवव्या-दहाव्या शतकांत चीनहून आलेल्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांचे मोठे आकर्षण वाटू लागले होते. तशी पांढरी माती त्यांच्या हाताशी नव्हती. होती ती तांबूस, भरड माती. तेव्हा त्यांनी त्या तांबूस मातीचीच भांडी घडविली, त्यांवर पांढऱ्या मातीचा लेप दिला आणि तो लेप कोरून खालची तांबडी माती नक्षीच्या रूपाने वर आणली. बायझंटाइन साम्राज्यात बाराव्या शतकात आणि पुढे इटलीत बोलोन्या, फेरारा या शहरांत पंधराव्या शतकात अशीच भांडी होऊ लागली. उत्तर चीनमध्येही सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या दरम्यान, करड्या मातीच्या भांड्यांवर पांढरा लेप देऊन तो कोरण्याची प्रथा जोमात होती.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्याचे उदाहरण तर शेतकऱ्यांच्या मुलखाला विशेष जवळचे वाटेल. तेथील लाल मातीच्या सुरयांवर पांढरा लेप देऊन त्यावर गलबते, फुले, पक्षी, माणसांची नावे आणि साल कोरीत असत. सुगीच्या दिवसांत शेतावर पेय नेण्यासाठी वापरावयाच्या अशा मोठ्या सुरया ‘सुगीच्या सुरया’ म्हणून प्रसिद्ध आहेत. सतराव्या शतकात डेव्हनची ही भांडी जहाजांतून अमेरिकेतील वसाहतींपर्यंत गेली. तेथील उत्खननांत त्यांचे तुकडे सापडले आहेत.

या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. लेपकोरणी ही उंची मातीच्या जोरावर वाढलेली कला नाही. ज्यांच्या वाट्याला गडद, भरड, स्वस्त माती आली, त्यांनी ती झाकून टाकण्याऐवजी तिच्याच रंगाची रेघ काढली. मातीतील उणेपणाचे त्यांनी भांडवल केले. माजलगावच्या कुंभाराने या पद्धतीकडे लक्ष द्यावे, याचे पहिले कारण हेच आहे.

आपल्या मुलखातील दाखले

ही पद्धत परदेशी म्हणून परकी मानण्याचेही कारण नाही. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या सिंधुदुर्ग व कारवार या भागांत देवळांच्या भिंतींवर जे काम दिसते, त्याला ‘कावी’ म्हणतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेच्या तांबड्या रंगाचा थर द्यावयाचा आणि गिलावा ओलसर आहे तोवर तो थर टोकदार लोखंडी हत्याराने खरवडून पांढरी नक्षी उघडी करावयाची, ही त्याची रीत. वेली, हंस, देवदेवता आणि भौमितिक पट्टे अशा आकृतींनी तेथील भिंती सजल्या आहेत. डेव्हनच्या कुंभाराने तांबड्यावर पांढरे चढवून तांबडे उघडे केले, तर कोकणच्या कारागिराने पांढऱ्यावर तांबडे चढवून पांढरे उघडे केले. तत्त्व एकच.

मराठवाड्याच्या शेजारच्या बिदरचे काम आणखी जवळचे आहे. बिदरी भांडे जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे असते. नक्षी आखण्यापूर्वी कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळे करून घेतो. कारण काळ्या पृष्ठावर ओरखडलेली रेघ उजळ दिसते आणि तिच्या आधाराने पुढे चांदी बसविण्याची खाच खोदता येते. उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्यात निजामाबाद येथे काळी मातीची भांडी होतात. त्यांवरही भाजण्यापूर्वी बारीक काडीने नक्षी ओरखडतात आणि भाजल्यानंतर त्या रेघांत चंदेरी भुकटी भरतात. या भांड्यांना भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. खेड्यातील कुंभाराने मारलेली रेघ कायद्याने ओळखली जाते, ती अशी.

खुद्द गोदावरीच्या खोऱ्यातील कुंभारकामाचा वारसा तर याहूनही जुना आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात चाकावर घडविलेली, पक्की भाजलेली तांबडी भांडी मिळाली. त्यांवर काळ्या रंगात तिरप्या रेघांच्या चौकटी, शिडीसारखे पट्टे आणि नागमोडी रेघा काढलेल्या आहेत. त्या गावावरूनच या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. तिचा काळ इ. स. पूर्व १४०० ते ७०० असा मानला जातो. मराठवाड्यातील तेर हे सातवाहन काळातील व्यापारी नगर. परदेशी प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख ‘तगर’ असा येतो. तेथे भाजलेल्या मातीच्या मूर्तींबरोबर पांढऱ्या चिनी मातीच्या सुबक मूर्तीही सापडल्या असून तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातील वस्तूंचा मोठा ठेवा आहे. तात्पर्य, तांबडी माती, पांढरी माती आणि मातीवरची रेघ या तिन्ही गोष्टी या खोऱ्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. त्या एका भांड्यावर एकत्र आणावयाच्या आहेत, एवढेच.

माजलगावच्या मातीचे गुण-दोष

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माजलगाव सिंदफणेच्या काठी वसलेले आहे. याच नदीवरील माजलगाव धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात बांधले गेले आणि १९८७ मध्ये पूर्ण झाले. परिसर काळ्या मातीचा. कापसाला, ज्वारीला आणि उसाला मानवणारी ही माती कुंभाराला मात्र कष्टविते. ती ओलीने फुगते आणि सुकताना फार आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा याच गुणामुळे पडतात, आणि तशाच भेगा भांड्यालाही पडू शकतात. म्हणूनच जुने जाणते कुंभार नुसती काळी माती कधी वापरीत नाहीत. तीत नदीकाठचा पोयटा, बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळून ती हाताळण्याजोगी करतात.

या मातीचा दुसरा दोष म्हणजे चुनखडीचे खडे. मातीत राहिलेला खडा भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतील ओलावा शोषून तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो. हा प्रकार भांडे विकले गेल्यावरही घडू शकतो. साध्या मडक्यावर असा टवका उडाला, तर गिऱ्हाईक फार तर कुरकुर करील. पण तासभर खपून कोरलेल्या भांड्यावर तो उडाला, तर सारे श्रम वाया गेले. तेव्हा लेपकोरणीची पहिली पायरी कोरणे ही नसून चाळणे ही आहे. माती पाण्यात भरपूर भिजवून, ढवळून, तिचे पातळ पाणी फडक्यातून किंवा बारीक जाळीतून गाळून घ्यावे आणि तळाशी बसलेला गाळच कामाला घ्यावा.

लेपाची माती आणि अंगाची माती यांचा मेळ बसणे ही दुसरी महत्त्वाची बाब होय. अंगाची माती जास्त आकसली आणि लेप कमी आकसला, तर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. उलट झाले तर लेपाला बारीक चिरा पडतात. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. दोन्ही मातींच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कराव्यात आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटर लांबीची रेघ ओढावी. सुकल्यावर आणि पुन्हा भाजल्यावर ती रेघ मोजावी. रेघ ९ सेंटिमीटर भरली, तर माती शेकडा १० आकसली. दोन्ही पट्ट्यांवरील आकडे जितके जवळ, तितका लेप पक्का बसेल. ते दूर असतील, तर अंगाच्या मातीत थोडी वाळू वाढवावी किंवा लेपाच्या मातीत अंगाचीच गाळलेली माती काही प्रमाणात मिसळावी. प्रत्येक मिश्रणाच्या पट्टीवर खूण करून ती जपून ठेवावी. वर्षभरात अशा पट्ट्यांची चळत ज्याच्याकडे जमेल, त्याला पुन्हा अंदाजाने काम करावे लागणार नाही.

लेप दोन प्रकारांनी देता येईल. पहिला प्रकार कावेचा. यात विकत आणण्यासारखे जवळजवळ काही नाही. काव पाण्यात खलून, गाळून भांड्यावर लावावी आणि ती जरा आवळली की गुळगुळीत गोट्याने किंवा मण्यांच्या माळेने घोटावी. घोटलेल्या चकचकीत तांबड्या पृष्ठावर कोरलेली रेघ खरबरीत आणि फिकी दिसते. येथे रंगापेक्षा पोताचा फरक नक्षी दाखवितो. शिकणाऱ्याने प्रारंभ याच प्रकाराने करावा. दुसरा प्रकार पांढऱ्या मातीचा. चिनी माती महाराष्ट्रात चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सापडते. तथापि केवळ चिनी माती गावच्या भट्टीच्या उष्णतेला घट्ट होत नाही आणि भाजल्यावरही खडूसारखी हाताला लागते. तिच्यात स्थानिक मातीचा गाळलेला अंश मिसळला, तर रंग थोडा पिवळसर होईल, पण लेप अंगाला धरून राहील. पांढरेपणाच्या मोहापेक्षा पक्केपणा महत्त्वाचा.

वेळ साधणे

या पद्धतीतील खरे कसब हाताइतकेच वेळेचे आहे. मराठवाड्याला हे सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तेरचे संत गोरोबाकाका ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून त्यांनी कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ते ओळखले, ही आख्यायिका घरोघरी माहीत आहे. तिच्यातील अध्यात्म बाजूला ठेवले, तरी त्यामागचा व्यवसायाचा अनुभव खरा आहे. भांडे कोणत्या अवस्थेत आहे हे कुंभाराला डोळ्यांपेक्षा स्पर्शाने आणि आवाजाने आधी कळते. लेपकोरणीला नेमके हेच ज्ञान लागते.

चाकावरून उतरवून, गुंडा आणि थापटणे यांनी अंग सारखे केलेले भांडे सावलीत ठेवावे. ते आपला आकार धरून राहील, पण त्यात ओल शिल्लक असेल, अशा वेळी लेप द्यावा. लेप ताकासारखा पातळ नसावा आणि लोण्यासारखा घट्टही नसावा. तो बासुंदीसारखा असावा. ब्रशाने एक थर दिला असेल, तर तो आवळल्यावर दुसरा थर आडव्या दिशेने द्यावा, म्हणजे अंग कोठे उघडे राहणार नाही. पूर्ण सुकलेल्या भांड्यावर लेप देऊ नये. कोरडे अंग पाणी झपाट्याने शोषते आणि लेप सुटतो.

लेपाची चमक गेली की कोरण्याची वेळ जवळ आली असे समजावे. अंगठ्याने दाबले तर खड्डा पडत नाही, पण नख ओढले तर स्वच्छ रेघ उमटते, ही ती अवस्था. कमावलेल्या कातड्यासारखे भांडे तेव्हा चिवट लागते. याआधी कोरले, तर माती हत्याराला चिकटते आणि रेघेच्या कडा चिखलासारख्या उचकटतात. यानंतर कोरले, तर कडांचे कपचे उडतात. उन्हाळ्यात ही वेळ फार थोडा काळ टिकते. एका वेळी सर्व भांड्यांवर लेप देण्याऐवजी जेवढी कोरून होतील तेवढ्यांवरच तो द्यावा. उरलेली भांडी ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावीत.

हत्यारांसाठी दुकानात जाण्याची गरज नाही. बाभळीचा काटा, तासलेली बांबूची काडी, टोक घासलेला खिळा, सायकलच्या चाकाची तार यांनी बारीक रेघ निघते. तीच तार टोकाशी वळवून तिचा छोटा फास केला, तर मोठा भाग एकसारखा खरवडता येतो. हत्यार उभे न धरता तिरपे धरावे आणि लेपापुरतेच खोल जावे. खोल खाच भांड्याला दुबळे करते व तेथूनच पुढे तडा जातो. कोरताना कडेला जो भुसा उठतो, तो लगेच बोटाने पुसण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तसे केले, तर ओला भुसा लेपावर माखतो आणि नक्षी मळते. तो तसाच सुकू द्यावा आणि भांडे पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशाने झटकावा. कोरड्या मातीची धूळ छातीत जाणे चांगले नाही, म्हणून हे काम उघड्यावर, तोंडाला रुमाल बांधून करावे.

भाजणी

उघड्या आव्यात उष्णता साधारणपणे ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि ती सगळीकडे सारखी नसते. जळणाला चिकटून असलेल्या भांड्यावर धुराचे काळे डाग पडतात. साध्या घागरीला ते चालतात, पांढऱ्या लेपावर मात्र ते नक्षी खातात. यास्तव लेपकोरणीची भांडी आव्याच्या मध्यभागी, मोठ्या रांजणाच्या किंवा डेऱ्याच्या पोटात ठेवून भाजावीत. भांड्याचेच कवच भांड्याला मिळते. आच प्रथम मंद ठेवावी, कारण अंगात उरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली, तर भांडे फुटते.

चकाकीसाठी काचेचा मुलामा द्यावा काय, असा प्रश्न येथे साहजिकच पुढे येईल. जगातील पुष्कळ जुन्या लेपकोरणीच्या भांड्यांवर शिसेयुक्त मुलामा असे. शिसे विषारी आहे. कमी आचेवर भाजलेल्या अशा मुलाम्यातून ते अन्नात, विशेषतः आंबट पदार्थांत उतरते. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिसेयुक्त मुलामा कदापि देऊ नये. गावच्या आव्यात भाजलेली लेपकोरणीची भांडी मुलाम्याशिवायच चांगली. त्यांचा उपयोग शोभेसाठी, झाडांच्या कुंड्यांसाठी, दिव्यांसाठी आणि कोरड्या वस्तू ठेवण्यासाठी करावा.

कोणते भांडे, कोणती नक्षी

माठाच्या बाबतीत एक खबरदारी आवश्यक आहे. माठातील पाणी गार होते, ते अंगाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून त्याची वाफ होते म्हणून. सारे अंग लेप देऊन घोटले, तर ही छिद्रे बुजू लागतात. देखणा पण पाणी गार न करणारा माठ गिऱ्हाईक एकदाच घेईल. तेव्हा माठावर लेप गळ्याभोवती आणि खांद्यावरच्या पट्ट्यातच द्यावा व पोट मोकळे सोडावे. नक्षीही त्या पट्ट्यात अधिक उठून दिसते.

कुंभाराचे वर्ष सणांवर चालते. संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेच्या घागरी, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, लग्नकार्यातील बोळकी, हे त्याचे हंगाम. यांतील बहुतेक वस्तू लहान आहेत, आणि लेपकोरणी शिकण्यासाठी लहान वस्तूच योग्य. पणतीच्या काठावर दहा रेघा मारणे हा उत्तम पहिला धडा आहे. हात बसला की सुगडे, मग कुंडी, मग माठाचा खांदा असे पुढे जावे.

नक्षी कोठून आणावी, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. छापील चित्रे समोर ठेवून केलेली नक्कल बाजारात कोठेही मिळते. माजलगावच्या भांड्यावर माजलगाव दिसले पाहिजे. ज्वारीचे कणीस, कापसाचे फुटलेले बोंड, उसाचे पेर, सिंदफणेच्या पाण्याची नागमोडी रेघ, तांड्यावरील बंजारा भगिनींच्या भरतकामातील चौकटी आणि जोर्व्याच्या भांड्यांवरील तिरप्या रेघा, एवढे धन हाताशी असताना उसनवारीची गरज ती काय? उंबऱ्यासमोर रोज रांगोळी काढणाऱ्या भगिनींच्या बोटांत रेघेची सफाई आधीच आहे. भांडे घडविणारा हात आणि कोरणारा हात असे दोन मिळून काम केले, तर घरातील स्त्रीच्या श्रमाला वेगळी ओळख आणि वेगळा मोबदला मिळू शकतो. तो मोबदला तिच्या नावाने मांडला जावा, हेही तितकेच अगत्याचे आहे.

श्रमाचे मोल

स्टीलच्या आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांनी मडक्याचे पूर्वीचे स्थान घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणी साठविण्याच्या कामात त्यांच्याशी किमतीची स्पर्धा करून कुंभार टिकणार नाही. पूर्वी बलुत्याने कुंभाराला धान्य मिळे. ती व्यवस्था गेली आणि बाजार आला. ज्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी घर सोडतात, तेथे गावात राहून हाताला काम मिळणे ही गोष्ट लहान नाही. लेपकोरणीने हा प्रश्न एका फटक्यात सुटेल असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु तिच्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही आणि फसलेल्या प्रयोगाची किंमत एका कच्च्या भांड्याएवढीच असते. ते भांडेही भिजवून पुन्हा मातीत मिसळता येते.

मात्र किंमत ठरविताना मातीचा नव्हे, तर वेळेचा हिशेब ठेवावा. एका भांड्यास घडविण्याला किती वेळ, लेपाला किती, कोरण्याला किती आणि आव्यात शेकडा किती फुटली, हे चार आकडे वहीत टिपावेत. हे आकडे नसतील, तर व्यापारी सांगेल तीच किंमत मान्य करावी लागते.

शिक्षणाची सोय महाराष्ट्रात आणि लगतच्या भागात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ उभारला आणि खेड्यातील कुंभारांना सुधारलेल्या चाकाची, भट्टीची व मातीकामाची दीक्षा दिली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश झाला, त्यांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज, अशी त्या योजनेची रचना आहे. परंतु योजना असो वा संस्था, पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

माजलगाव तालुक्यातच, गोदेच्या काठी, पुरुषोत्तमपुरी हे क्षेत्र आहे. तेथील यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा आहे. सातशे वर्षांपूर्वी कोणा अनाम कारागिराने तांब्यावर कोरलेल्या रेघा आजही वाचता येतात. चांगली भाजलेली मातीही अशीच दीर्घायुषी असते. जोर्व्याचे तुकडे तीन हजार वर्षे जमिनीखाली राहिले आणि त्यांवरील रेघ पुसली गेली नाही. कागद विरतो, रंग उडतो, पण भाजलेल्या मातीतली रेघ राहते. ती स्वच्छ असावी, वेळेवर मारलेली असावी आणि मारणाऱ्याला तिचे मोल ठाऊक असावे.

येत्या दिवाळीला लागणाऱ्या पणत्यांपैकी निदान दहा पणत्यांवर प्रत्येक घराने हा प्रयोग करावा. पाच फुटतील, तीन बिघडतील आणि दोन साधतील. त्या दोन पणत्या उजळतील, तेव्हा पुढचे काम काय ते त्याच सांगतील.